चढलेल्या पाण्यात, घळीतून: कोल्हापूरच्या नवख्या वल्हेकऱ्यांसाठी

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे इथली शाळकरी पोरंही सांगतात. 2019 आणि 2021 साली पातळी 55 फुटांच्या वर गेली, ते दिवस घराघराला आठवतात. एवढं पाणी बघितलेलं गाव असल्यामुळं आपल्या पोरांना वाटतं, पुराचं पाणी आपल्याला कळतं. दर पावसाळ्याच्या तोंडावर मला कुणी ना कुणी विचारतं, "दादा, भर पावसात रॅपिडच्या नदीत कयाक घालायचीय, कुठनं सुरुवात करू?" रॅपिड म्हणजे उतारावर खडकांतून फेसाळत धावणारं पाणी, आणि कयाक म्हणजे एकट्यानं बसून वल्हवायची अरुंद होडी. अशा पोरांसाठी हे लिहितोय.

आपला पूर पसरणारा आहे. पंचगंगा पात्र सोडते, उसात शिरते, गल्लीत शिरते, आणि दिवसदिवस तिथंच बसून राहते. घळीतल्या पाण्याला पसरायला जागाच नसते. दोन्ही बाजूंना कातळ, त्यामुळं पाणी वाढलं की ते फक्त वर चढतं आणि जोरात धावतं. सपाटीला जे पाणी चार बोटं वाढल्यासारखं दिसेल, तेच अरुंद घळीत पुरुषभर चढू शकतं. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. शिवाजी पुलावरून पुरात सूर मारून घाटाला लागणारा पट्टीचा पोहणारासुद्धा अशा पाण्यात पहिल्या दोन-तीन मिनिटांत दमतो. मी दमलोय.

म्हणून घाई नको. पहिल्या दिवसापासून चढलेल्या घळीपर्यंत किमान दोन-तीन हंगाम धरा.

पहिला पावसाळा पुलावर काढा

हे ऐकून पोरं नाराज होतात, पण पाणी वाचायला शिकण्याची याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पाणी आलेलं असताना, पण पूल आणि रस्ता चालू असताना, पुलाच्या पदपथावर तासभर उभं राहा आणि फक्त जलपर्णीकडं बघा. पंचगंगेतली जलपर्णी एरवी आपल्याला नकोशी असते, इथं मात्र ती पाण्याचा आकार दाखवते.

एखादा पुंजका धारेतून सरळ येतो, पुलाच्या खांबाला बगल देतो आणि खांबाच्या मागं गेल्यावर चक्क उलटा, वरच्या दिशेला, सरकायला लागतो. खांबाच्या किंवा खडकाच्या आड जे पाणी असं फिरून थांबतं, त्याला एडी म्हणतात. कयाकवाल्याचं विश्रांतीचं ठिकाण तेच. धार आणि एडी यांच्या मधे जी थरथरती रेघ दिसते, ती एडीलाइन. पुंजका त्या रेघेवर आला की कसा गरकन फिरतो ते बघा. तुमची होडीही तशीच फिरणार आहे.

आठवड्यानं पाणी आणखी चढल्यावर त्याच जागी परत या. मागच्या वेळची ती मऊ रेघ आता पाण्याचा बांध झालेली असते, एका बाजूची पातळी दुसऱ्या बाजूपेक्षा उंच. खालून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतंय. काही एड्या पार पुसल्या गेल्यात, आणि धारेतून अख्खी झाडं चाललीयत. चढलेल्या पाण्यात नदी कशी बदलते याचा सगळा धडा इथं आहे: थांबायच्या जागा कमी होतात, त्यांच्यात शिरणं अवघड होतं, आणि दोन अडचणींमधलं अंतर संपतं. एका वहीत तारीख, राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि काय दिसलं ते लिहून ठेवा. आकड्यावरून पाण्याचं रूप डोळ्यांपुढं यायला लागलं की समजा, पहिली पायरी झाली.

बंधाऱ्यापासून लांब

सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचं आहे ते हे, आणि ते आपल्याच जिल्ह्याचं आहे. आपल्याकडच्या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात, पाणी खांबांमधल्या गाळ्यांतून जातं. पाणी आणखी वाढलं की बंधारा पाण्याखाली जातो आणि वरून बघणाऱ्याला फक्त एक गुळगुळीत उतार आणि खाली फेसाची पांढरी पट्टी दिसते. पोरांना वाटतं, छोटीशी उडी आहे, सरावाला बरी.

ती पट्टी सापळा आहे. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाला जातं, पुढं जाऊन वर येतं आणि त्यातलं बरंचसं परत बंधाऱ्याकडंच वळतं. सापडलेला माणूस वर येतो, मागं ओढला जातो, पडत्या पाण्याखाली दाबला जातो, पुन्हा वर येतो. असं मागं ओढणाऱ्या पाण्याला होल म्हणतात. नैसर्गिक रॅपिडमध्ये अशा होलला कुठंतरी फट असते, कड असते. बंधारा काठापासून काठापर्यंत एकसारखा बांधलेला, त्यामुळं बाहेर पडायला जागाच नाही. फेसात हवा मिसळलेली असते म्हणून लाईफ जॅकेटही पुरेसं उचलत नाही. पाणी थोडं कमी असेल तर गाळ्यांमध्ये झाडं, फांद्या अडकलेल्या असतात: पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. तुम्ही कितीही तयार झालात तरी बंधाऱ्यावरून होडी नेऊ नका. बंधारा दिसायच्या बऱ्याच आधी काठाला लागा आणि होडी खांद्यावर घेऊन पलीकडं चाला.

हिवाळ्यात, उथळ आणि स्वच्छ पाण्यात

पाऊस ओसरला की खरं शिक्षण. परवानगी असलेलं तळं किंवा धरणाचा निवांत काठ शोधा. पहिल्यांदा लाईफ जॅकेट आणि हेल्मेट घालून पोहायला शिका. एरवी पोहणं आणि जॅकेट घालून पोहणं यांत फरक आहे. मग कयाक मुद्दाम उलटी करून बाहेर पडण्याचा सराव. कमरेभोवतीच्या स्प्रे स्कर्टची, म्हणजे होडीत पाणी शिरू न देणाऱ्या झाकणाची, ओढपट्टी बाहेर राहिलीय का, हे दरवेळी हात लावून बघायचं. पालथं झाल्यावर ती पट्टी ओढायची, गुडघे सैल करायचे आणि विजार काढल्यासारखं होडीतून निसटायचं. डोळे मिटून, न घाबरता, वीस वेळा जमेपर्यंत करा.

त्यानंतर रोल, म्हणजे होडीतून बाहेर न पडता कमरेच्या झटक्यानं सरळ होणं. याला महिने लागतात. दोन्ही बाजूंनी, दमलेलं असताना, पाणी नाकात गेलेलं असताना रोल लागला पाहिजे. तळ्यात दहातले दहा लागले तर खवळलेल्या पाण्यात पाच लागतील असं धरून चाला.

तोल समजायला आपल्याकडची काहील, गूळ करायची ती मोठी कढई, आठवा. पुरात काहिलीतून माणसं नेणाऱ्याला नेमकं माहीत असतं, कोण कुठं बसलं की काहील कलते. कयाकमध्ये हेच काम तुमची कंबर करते. एडीतून धारेत शिरताना पाणी जिकडं धावतंय त्या बाजूला झुकायचं. उलट्या बाजूला झुकलात की धार होडीच्या काठावर चढते आणि तुम्ही पाण्यात. खडकावर आडवे आदळायला निघालात तर मात्र खडकाकडं झुका, त्याला मिठी मारायला निघाल्यासारखे. मन सांगतं खडकापासून लांब व्हावं, आणि नेमकं तसं केलं की होडीत पाणी भरून ती खडकाला गुंडाळली जाते.

वाहतं पाणी, पण ठरलेलं

आता नदी. सुरुवातीला अशी नदी निवडा जिचं पाणी माणूस सोडतो. कोलाडजवळची कुंडलिका त्यासाठी चांगली. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडतं आणि तिथून कुंडलिकेला मिळतं. वीजनिर्मितीच्या वेळेप्रमाणं, बहुधा सकाळी, पाणी सुटतं आणि तेव्हाच राफ्ट, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या रबरी होड्या, निघतात. दुसरी दांडेलीकडची काळी नदी, बेळगावमार्गे गाठता येते. गणेशगुडीला सुपा धरणाखाली तिच्यात राफ्टिंग चालतं. दोन्हीकडं रॅपिड साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे.

श्रेणीबद्दल थोडं. जगभर रॅपिड एक ते सहा श्रेणींत मोजतात. एक म्हणजे खळखळ, तीनला लाटा अनियमित आणि वाट नेमकी धरावी लागते, पाचला चूक जिवावर बेतते, सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. पण ही श्रेणी एखाद्या ठरावीक पातळीला दिलेली असते. पाणी चढलं की तीनचा रॅपिड चारचा होतो. कधी उलटंही होतं, खडक खोल बुडाल्यानं एखादा रॅपिड मिटूनच जातो. म्हणून "ही नदी तीनची आहे" असं कुणी म्हणालं की विचारा, किती पाण्याला?

पहिल्या काही फेऱ्या राफ्टमधून करा, नोंदणी असलेल्या आयोजकाबरोबर. मग कयाक, प्रशिक्षकासह. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचे अभ्यासक्रम असतात. ते करून आलेला माणूस गटात असला की सगळ्यांचाच दर्जा वाढतो.

या नद्यांवर एडीत शिरणं, एडीतून निघणं आणि धारेला तिरकं तोंड देऊन या काठावरून त्या काठाला जाणं, एवढ्या तीनच गोष्टी शंभर-शंभर वेळा करा. लाटांवर उड्या मारायचा मोह होतो, पण घळीत जीव वाचवतात त्या याच तीन गोष्टी.

अंगावर आणि होडीत काय हवं

रॅपिडसाठी बनवलेलं, अंगाला घट्ट बसणारं जॅकेट. कुणीतरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढलं तर ते हनुवटीच्या वर यायला नको. कपाळ आणि कान झाकणारं हेल्मेट. चपला चालणार नाहीत, नाडीचे बूट हवेत. शिट्टी आणि एका हातानं उघडणारा चाकू जॅकेटला अडकवलेला. पंधरा ते वीस मीटर तरंगत्या दोराची थ्रो बॅग, म्हणजे बुडणाऱ्याकडं फेकायची दोराची पिशवी, प्रत्येकाजवळ. होडीत हवा भरलेल्या पिशव्या, म्हणजे उलटली तरी ती बुडत नाही. अंगावर लोंबणारा एकही पट्टा, दोरी, गळ्यातली साखळी नको.

पायावर ओली जखम असेल तर पावसाळी गढूळ पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो. परतल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना नदीत गेलो होतो हे आवर्जून सांगा.

आता पावसाळी नदी

ठरलेल्या पाण्यावर हात बसला की पावसाच्या पाण्याकडं या. आपल्याला जवळची म्हणजे म्हादई. चोर्ल्याच्या घाटातून वाळपईकडं उतरलं की पावसाळ्यात तिथं राफ्टिंग चालतं. लांब जायची तयारी असेल तर केरळात कोझिकोडजवळ कोडेंचेरीला चालीपुळा आणि इरुवंजीपुळा या नद्यांवर पावसाळ्यात कयाकवाले जमतात. चांगल्या वल्हेकऱ्यांना काठावरून बघणं हाही अभ्यासच. ऋषिकेशचं नाव सगळे घेतात, पण गंगेवरचं राफ्टिंग ऐन पावसाळ्यात बंद असतं, आणि ते का बंद असतं याचा विचार करा.

इथं पाणी कुणी सोडत नाही, ते वरून येतं. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि खाली सपाटीवरच्या शिरोळला त्याचा अगदी थोडा हिस्सा, तरी पूर शिरोळलाही येतोच. तसंच घळीच्या तोंडाशी ऊन पडलेलं असलं तरी वर घाटमाथ्यावर काय चाललंय ते बघायचं. वर धरण असेल तर त्याचाही अंदाज हवा. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, कुणाची वाट बघत नाहीत. भोगावतीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण परक्या नदीवर गेल्यावर आपणच ते विसरतो. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असलेल्या दिवशी घळीत उतरायचं नाही.

घळीचा दिवस

आदल्या दिवशी दोन गोष्टी. पहिली, बाहेर पडायची जागा स्वतः जाऊन बघा. खालून वर बघताना काठ ओळखता येतो, होडीतून वेगात येताना तोच काठ हुकतो, आणि त्याच्या खाली काय आहे हे माहीत नसतं. दुसरी, पातळीची खूण ठरवा. पुलाच्या खांबावरचा एखादा थर, एखादा ठळक खडक: पाणी याच्यावर असेल तर जायचं नाही. हे आदल्या संध्याकाळी, चहा पिता पिता, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. सकाळी गाड्या लागलेल्या असतात, सामान उतरलेलं असतं, तीन तास प्रवास करून आलेलो असतो, आणि तेव्हा खडक बुडालेला असला तरी माणूस म्हणतो, थोडाच तर बुडालाय.

आमच्या गटानं हे एकदा केलं. खूण बुडालेली दिसत असताना उतरलो. पहिल्या वळणानंतरची, आम्ही थांबायची ठरवलेली एडी नव्हतीच. एकजण उलटला, होडीतून निघाला आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर वाहत गेला, कारण त्याला गाठून काठाला लावायला मधे जागाच सापडेना. तो वाचला. त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही.

सकाळी खुणेजवळ आल्यावर काठावर एक काटकी पाण्याच्या रेघेवर रोवा आणि अर्धा तास थांबा. काटकी बुडायला लागली तर पाणी चढतंय, परत फिरा. उतरतं पाणी त्यातल्या त्यात भरवशाचं. चढतं पाणी काठावरचा सगळा लाकूडफाटा, झाडं, कुंपणाच्या तारा घेऊन येतं, आणि तुम्ही बघून ठेवलेली नदी तासाभरात बदलते.

किमान तीन होड्या असल्याशिवाय जाऊ नका. सगळ्यात जाणता पुढं, दुसरा जाणता सगळ्यात मागं, नवखे मधे. मागच्याची होडी डोळ्याआड झाली तर पुढच्यानं थांबायचं. पाण्याच्या आवाजात ओरडणं ऐकू जात नाही, म्हणून खुणा: वल्हं उभं धरलं म्हणजे या, आडवं धरलं म्हणजे थांबा, आणि वल्हं ज्या बाजूला कललं ती सुरक्षित वाट. धोक्याकडं कधीही बोट दाखवायचं नाही, समोरचा तिकडंच येईल. शिट्टी एकदा म्हणजे इकडं लक्ष, तीनदा म्हणजे जीव धोक्यात.

पुढं पाण्याची रेघ अचानक संपल्यासारखी दिसली, पलीकडं फक्त झाडांचे शेंडे दिसले, की तिथं उतार आहे. काठाला लागा, चालत जा, बघा. धारेत खाली टोक असलेला गुळगुळीत त्रिकोण दिसला तर ती बहुधा वाट. टोक वरच्या दिशेला असेल तर टोकाशी खडक आहे. पाणी एखाद्या खडकावर आदळून पांढरी उशी तयार करत असेल तर ती उशी तुम्हाला थोडं बाजूला ढकलते. आदळूनही उशी दिसत नसेल तर सावध व्हा: पाणी खडकाच्या खालून चाललंय, आणि तुम्हालाही तिकडंच नेईल. होलच्या दोन्ही कडा खालच्या दिशेला वळलेल्या असतील तर पाणी तुम्हाला कडेनं बाहेर टाकतं. कडा वरच्या दिशेला वळलेल्या असतील तर मधे धरून ठेवतं, त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

बघताना वाटेपेक्षा एक प्रश्न आधी विचारा: मी इथं उलटलो तर वाहत कुठं जाईन? खाली शांत डोह असेल तर विचार करा. खाली लगेच दुसरा रॅपिड किंवा पडलेलं झाड असेल तर होडी खांद्यावर घ्या. आणि घळीत चालत जायला काठच नसेल, तर त्या घळीत चढलेल्या पाण्यात नवख्यांचं काम नाही. गटातला एकजण जरी "आज नको" म्हणाला तर ते कारण न विचारता मान्य करायचं, हा आमचा नियम आहे. गटातली धाकटी पोरं थोरांपुढं बोलत नाहीत, म्हणून आधी धाकट्यांना विचारायचं.

पाण्यात पडलात तर

उताणे व्हा, पाय पुढं आणि पाण्याच्या वर, बोटं दिसली पाहिजेत. उभं राहायचा प्रयत्न करू नका. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोली दिसली की पाय टेकवावासा वाटतो, पाय दगडांच्या फटीत जातो आणि धार अंगाला पुढं लोटून पाण्याखाली दाबते. हात तळाला लागेपर्यंत पोहतच राहा. एडी दिसली की पालथे होऊन, काठाकडं तिरके, जीव खाऊन हात मारा. श्वास लाटेच्या माथ्यावर नाही, दोन लाटांच्या मधल्या खोलगटात मिळतो.

पुढं पाण्यात पडलेलं झाड आलं आणि टाळता येत नसेल तर पाय पुढं ठेवून कधीही जाऊ नका. पालथे व्हा, डोकं पुढं, जोरात पोहत जा आणि फांदी हाताला लागताच तिच्यावर चढा.

दोर टाकणाऱ्यानं आधी हाक मारायची, त्याची नजर आली की दोर त्याच्या अंगावरून पलीकडं जाईल असा टाकायचा. धरणाऱ्यानं दोर छातीशी दोन्ही हातांनी धरायचा, खांद्यावरून घ्यायचा, टाकणाऱ्याकडं पाठ करायची. हाताला, मनगटाला, कमरेला गुंडाळायचा नाही, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो. आधी माणूस, मग होडी, मग वल्हं. वाहून गेलेल्या वल्ह्यामागं दुसरा वल्हेकरी वाहून जाऊ देऊ नका.

घळीत मोबाईलला रेंज नसते. म्हणून निघताना घरी किंवा गावातल्या एकाला सांगून ठेवा: कुठं उतरतोय, कुठं बाहेर पडणार, किती जण, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचं. ती वेळ कागदावर लिहून द्या. बाहेर आलात की ओले कपडे बदलायच्याही आधी रेंज शोधा आणि त्याला फोन करा. तो घड्याळाकडं बघत बसलेला असतो.